तिजेतला गूळ

हे मी आजवर कोणाले सांगितलेलं नाही. ज्यायले माहीत होतं त्यातली एक, माझी बायको धुरपता, या उन्हाळ्यात गेली. दुसरी माझी पोरगी, ती माझ्याशी बोलत नाही. उरलो मी. अन् आता तू. तू कोण आहेस हे मले माहीत नाही, म्हणूनच तुले सांगून राह्यलो. ओळखीचा असतास तर तोंड उघडलं नसतं.

मी चौथीपर्यंत शिकलो. हात लिहायचा नाही, वखर धरायचा आहे. जसं तोंडात येईल तसं लिहीन. पण एक आधीच बजावतो — वाचता वाचता मान हलवू नको. बिचारा म्हातारा म्हणू नको. धुरपताच्या तेरवीले सगळा तांडा येऊन बसला, जेवला, अन् निघता निघता एकेकानं तेच म्हटलं — तू असा सरळ माणूस, तुझ्यावरच काहून ही वेळ. मले वाटलं, एकेकाची कॉलर धरून अंगणाबाहेर काढावं. मी सरळ माणूस? यायले काय ठाऊक? यायले फक्त जेवायले ठाऊक.

आमचा तांडा कळंबहून राळेगावकडे जाताना लागते. पणज्याच्या काळात आमचे लोक बैलावर मिठाच्या गोण्या लादून मुलूख फिरत. आता आम्ही कापूस पेरतो, सोयाबीन पेरतो, अन् एका जाग्यावर बसून एकमेकायच्या घरात काय शिजते ते हुंगतो. माझं घर अन् माझ्या लहान्या भावाचं, उत्तमचं घर, एकाच अंगणात आहे. मधात कडूनिंबाचं झाड. मले एकच पोरगी, सविता. उत्तमले एक पोरगी पायल, अन् तिच्या पाठचा एक पोरगा. सविता पायलहून वर्षभरानं मोठी. दोघी एकाच सायकलवर शाळेत जात — एक पायडल मारे, एक मागं बसून गाणं म्हणे.

सविता वयात आली त्या वर्षी तिचं पोट दुखायले लागलं. चतुर्थीचा उपवास धरून दोघी कळंबच्या चिंतामणीले पायी गेलत्या. पायल हसत परत आली. सविता अंगणातच आडवी झाली. पोट धरून अशी ओरडे की गोठ्यातली म्हैस दाव्याले हिसके दे. एक डॉक्टर म्हणे अपेंडिक्स. दुसरा म्हणे, शाळा बुडवायचं नाटक आहे. धुरपतानं मात्र एक गोष्ट पाह्यली जी डॉक्टरायनं पाह्यली नव्हती. पोरीची लघवी लाल उतरे, अन् बाटलीत धरून उन्हात ठेवली की दुपारपर्यंत काळ्या चहासारखी होई. ती बाटली लुगड्याच्या पदराखाली लपवून ती वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन आली. मले लाज वाटली होती त्या बाटलीची. त्या बाटलीनंच पोरगी वाचली.

तिथं एक डॉक्टरीण होती. तिनं मले विचारलं, जिनिंग पाह्यलं आहे का. म्हटलं, जन्म गेला कापसात. मग म्हणाली, आपल्या लिव्हरात रक्ताचा लाल रंग बनवायचं काम चालते. एका हातातून दुसऱ्या हातात माल जाते, तसं. तुमच्या पोरीच्या लिव्हरात मधातलं एक यंत्र अर्ध्या जोरानं चालते. एरवी निभते. पण पोट उपाशी राह्यलं, किंवा चालत नाही ती गोळी पोटात गेली, की मागून माल धडाधड येते, पुढं जात नाही, साचते — अन् साचला की तो विष. पोट दुखते, फिट येते, हातपाय लुळे पडते. लघवीचा रंग त्याचाच.

नाव सांगितलं — पोर्फिरिया. शाळेतल्या पोरासारखं मले ते म्हणायले लावलं. दोनदा चुकलो, मग बरोबर आलं. म्हणे, हे विसरू नका, कोणत्याही डॉक्टरकडे गेलात की आधी हे नाव सांगायचं, मगच औषध घ्यायचं. पोरीले उपाशी ठेवायचं नाही, जवळ गूळ-साखर ठेवायची.

मग आमचं दोघायचं रक्त तपासलं. खोट माझ्यात निघाली. मले कधी काही झालं नाही — बऱ्याच जणायले जन्मभर होत नाही म्हणे — पण ती माझ्यातूनच पोरीत उतरली. माझी आत्या तरणीताठी पोट धरधरून मेली होती, मी लहान होतो, लोकायनं करणी म्हटलं होतं. डॉक्टरणीनं ते ऐकलं अन् पेन खाली ठेवला. म्हणाली, बाबा, तुमच्या भावाच्या घरात पोरी आहेत का? त्यांनाही आणा. वयात येणाऱ्या पोरींना जास्त धोका असते. आजच सांगा.

आजच.

तुले वाटत असेल, मी विसरलो असेन. नाही. एष्टीत बसल्या बसल्या धुरपता म्हणाली, "घरी गेल्यावर आधी उत्तमले सांगा." मी म्हटलं, मुतखडा झालता असं सांगायचं. पडला, बरी झाली. ती माझ्या तोंडाकडे पाहत राह्यली. मी म्हटलं, उत्तमले सांगितलं की कमळाले कळते, कमळाले कळलं की तांड्याले कळते, अन् मग या पोरीले कोण करते? घरात रोग आहे म्हटल्यावर दारात कोणी सोयरा उभा राहते का?

हे कारण चांगलं दिसते, नाही का? बापाची काळजी दिसते त्यात. पण खरं सांगू? सवितानंतर धुरपताचे दोन गर्भ टिकले नव्हते. अन् मी वर्षानुवर्षं तिले चारचौघात म्हणत आलो होतो की तुझ्या माहेरचं रक्तच नासकं. तिनं ऐकून घेतलं, तिच्या भावायनं ऐकून घेतलं. आता मी उभं राहून म्हणू, की नासकं रक्त माझं आहे? मले पोरीचं लग्न दिसत नव्हतं गड्या. मले माझ्या सासऱ्याचं हसू दिसत होतं.

म्हणून मुतखडा.

त्याच्या पुढच्या वर्षी श्रावणात तीज आली. तुमच्यात नसते, म्हणून सांगतो. आमच्या तांड्यातल्या बिनलग्नाच्या पोरी टोपल्यात काळी माती अन् खत भरून गहू पेरतात. नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, दारी मांडव असते, त्यावर टोपल्या ठेवतात. सकाळ-दुपार-संध्याकाळ विहिरीवरून पाणी आणून गाणं म्हणत शिंपतात. नऊ-दहा दिवस मीठ नाही, तिखट नाही, एक वेळ अळणी खायचं. आमच्या तांड्यात नायकीण कडक, तिथं पोरी तेही धड खात नसत. शेवटी टोपल्या डोक्यावर घेऊन नाल्यात शिरवतात. जिचा गहू पिवळा पडला तिले म्हणतात, तिनं तीज मोडली, चोरून खाल्लं.

वयात आलेली पोरगी तिजेत बसली नाही तर लोक विचारतील. मुतखडा तर पडला, मग आता काय आहे? म्हणून मी सविताले बसवलं. अन् मी काय केलं ठाऊक आहे? गोठ्यामागं कुटाराचा, भुशाचा ढीग होता. त्याच्या आडोशाले एका डब्यात गूळ अन् फुटाण्याचं पीठ ठेवलं. पोरी पाण्याले निघाल्या की सविता मागं रेंगाळे, अन् मी तिच्या हातात गुळाचा खडा ठेवी. ती तोंड पुसून पुढं पळे. सकाळी, दुपारी, दिवस मावळताना. माझ्या पोरीची तीज मी अशी पार पाडली.

पहिल्याच दिवशी ती खडा हातात धरून उभी राह्यली. म्हणाली, "बा, एक पायललेबी देऊ का?"

मी म्हटलं, "गप खा. तिले काय धाड भरली?"

पोरीनं खाल्ला. त्यानंतर तिनं विचारलं नाही.

मले ठाऊक नव्हतं असं म्हणू का? ठाऊक होतं. पायलच्या अंगात खोट असेलच असं नाही, हेही ठाऊक होतं. डॉक्टरीण म्हणाली होती, कोणात उतरते, कोणात उतरत नाही. मी ते धरून बसलो. तिच्यात नसेल. काहून असेल? धडधाकट पोरगी आहे. मनाले असं समजावणं फार सोपं असते, पोरगी दुसऱ्याची असली की.

चार-पाच दिवसायनं पायल पाण्याची घागर घेऊन येता येता नायकाच्या ओट्यावर बसली. पोट दाबून. तोंड पांढरं. नायकीण म्हणाली, "पाहा बाई, सविता कशी टणटण उभी आहे. अन् ही?" बाया हसल्या. मी तिथंच बिडी पीत बसलो होतो. सगळ्यायनं माझ्याकडे पाह्यलं — मी मोठा चुलता. तेव्हा मी बोललो. मी म्हटलं, "कामाची सवय नाही अंगाले. गाणं म्हणायले पोट दुखत नाही, पाणी आणायले दुखते. उत्तमनं लाडावून ठेवली." अजून हसले लोक. चांगलं बोललो मी. मले नेहमीच चांगलं बोलता येते.

पायलनं माझ्याकडे पाह्यलं. राग नव्हता तिच्या डोळ्यात, तो असता तर बरं झालं असतं. म्हणाली, "पेरलं आहे तं पुरं करीन, मोठे बा." अन् घागर उचलली.

माझ्या बोलण्यानं उठली ती. तिच्या लघवीचा रंग कसा आहे हे मी कमळाले विचारलं नाही. धुरपताले विचारू दिलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं ना.

तिनं तीज पुरी केली. नाल्यावरून परत येताना ओकली, अन् मग ओकतच राह्यली. उत्तमनं गाडी केली, तालुक्याले नेलं. मीही गेलो. मोठा भाऊ — जावं लागते. दुसऱ्या दिवशी तिले फिट आली. तिथला डॉक्टर बाहेर आला. त्याचं नाव लिहीत नाही, त्याचा काही दोष नव्हता. त्यानं आमच्या दोघायकडे पाहून विचारलं — घरात कोणाला असं काही झालं होतं का? पोटाचं, फिटचं, काहीही? आठवून सांगा.

उत्तम म्हणाला, नाही साहेब. मग डॉक्टरनं माझ्याकडे पाह्यलं. उत्तमनंही माझ्याकडे पाह्यलं. मी मोठा, मले जास्त आठवायले पाहिजे.

ते नाव माझ्या जिभेवर होतं. मी खोटं सांगत नाही — सगळं नाव, जसं मले पाठ करून घेतलं होतं तसं. तोंड उघडायचं होतं फक्त.

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं? आता काय सांगू, काहून म्हटलं? तेव्हा सांगितलं असतं तर उत्तमनं विचारलं असतं, तुले कधीपासून माहीत. त्या प्रश्नाच्या भेवानं म्हटलं. फक्त एका प्रश्नाच्या भेवानं. डॉक्टर आत गेला अन् फिट थांबवायचं जे इंजेक्शन कोणालेही देतात ते त्यानं तिले दिलं. या रोगात ते चालत नव्हतं. ते चालत नाही हे त्या इमारतीत एकाच माणसाले ठाऊक होतं, अन् तो बाकावर बसून तळहातावर तंबाखू मळत होता.

संध्याकाळपर्यंत तिचे हात गेले. मग पाय. मग श्वास जड झाला. नागपूरले नेता नेता रस्त्यात संपली. तिच्या पायावर अजून तिजेची मेंदी होती.

इथं थांबलो असतो तरी पुरे होतं. पण अजून आहे, अन् तुले ऐकावं लागेल. पायलची टोपली शिरवताना लोकायनं पाह्यलं होतं, तिचा गहू पिवळा होता. सविताचा हिरवागार, वीतभर. मग तांड्यात सुरू झालं — पायलनं चोरून खाल्लं असेल. तीज मोडली, म्हणून असं झालं. बायका विहिरीवर बोलत, कमळाच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानं. तिची पोरगी गेली अन् वरून चोर ठरली. कमळा माझ्या दारात येऊन म्हणाली, "भाऊजी, तुमी तरी सांगा न यायले. माह्या पोरीनं दाणा तोंडात घातला नव्हता."

चोरून खाणारी माझी होती. गूळ माझा होता. मी कमळाले म्हटलं, लोकायच्या तोंडी लागू नये. असं म्हटलं मी, समजूतदार माणसासारखं.

त्या दिवसापासून धुरपतानं घरात गूळ आणला नाही. साखरही नाही. सविताचं पथ्य म्हणून तेवढा एका बरणीत ठेवी, अन् सविताचं लग्न होऊन ती मारेगावकडे गेली त्या दिवशी ती बरणीही धुऊन पालथी घातली. मरेपर्यंत फिका चहा प्याली, मलेही फिकाच दिला. लोक म्हणत, म्हातारीले शुगर झाली. तिनं मले कधी एका शब्दानं बोल लावला नाही. सणाले पुरणाची पोळी नाही, काही नाही. तुले वाटते का, याले भांडण म्हणत नाहीत? मी तिच्यावर चिडत असे. आज ती नाही, अन् अजूनही चिडलेलाच आहे. तिनं काहून नाही सांगितलं? अंगण ओलांडलं की उत्तमचं दार होतं. मी तोंड दाबलं होतं म्हणा — पण मी वावरात जात नव्हतो का? ही अशी माझी जात आहे. मेलेल्या बायकोवर ढकलायले निघालो.

लग्नाआधी नवऱ्याकडच्यायले सवितानं स्वतःच सगळं सांगितलं, माझ्या पाठीमागं. रोगाचं नाव, पथ्य, सगळं. त्यायनं ऐकलं, दवाखान्यात जाऊन विचारून आले, अन् पोरगी करून घेतली. एवढंच. ज्याच्यासाठी मी तोंड शिवलं होतं ते एवढंच होतं. त्यानंतर ती इथं फक्त आईले भेटायले येई.

धुरपता गेल्यापासून माझं जेवण उत्तमच्या घरून येते. दोन्ही वेळ. कमळा भाकरी थापते, पायलच्या भावाची पोरगी आरू डबा घेऊन येते. मी खातो. त्या घरचं अन्न माझ्या गळ्याखाली उतरते. तुले वाटत असेल, अडकत असेल. नाही अडकत. भूक लागते.

आषाढात एक दिवस आरूनं डबा ठेवला अन् म्हणाली, "मोठे आजा, यंदा मीबी तीज पेरणार. आजी म्हणे, बस तू यंदा." पायलसारखंच मान तिरपी करून बोलते.

त्या दिवशी अडकलं.

मी उठून उत्तमकडे गेलो. पंचवीस पावलं असतील ते अंगण, जन्मभर नाही ओलांडता आलं. म्हटलं, सविताले तिकडं सासरी तपासलं, असा असा रोग निघाला, तो आपल्या घराण्याचा आहे, पायलचंही तेच असेल. आरूले तपासून आणा. मग उत्तमनं विचारलं. मले वाटलं होतंच. "तुले कधी कळलं?"

मी म्हटलं, "आत्ता. या महिन्यात."

हो. तिथंही. सांगायले गेलतो, अन् सांगता सांगताही खोटं बोललो. उत्तम खाटेवरून उठला अन् त्यानं माझे पाय धरले. म्हणाला, "भिया, तू सांगितलं म्हणून. नाहीतं ही पोरगीबी गेली असती." म्हातारा झाला तो, वाकताना त्याचे गुडघे वाजले. मी त्याले पाय धरू दिले.

ते वर्ध्याकडे गेले. पोराच्या रक्तात निघालं, आरूच्याही. मग उत्तम नायकाच्या मांडवाखाली सगळ्यायसमोर उभा राह्यला अन् म्हणाला, "आमच्या घरची पोरगी तीज पेरन, पण जेवून पेरन. हा आमच्या रक्ताचा रोग आहे, माही पायल यानंच गेली. तिनं काही चोरून खाल्लं नव्हतं." कोणी हसलं नाही. नायकीण म्हणाली, जेवू द्या पोरीले. कोणाचं लग्न मोडलं नाही. आभाळ पडलं नाही. दोन-तीन वाक्यं होती ती. इतकी वर्षं माझ्या तोंडात होती.

सविताले फोन केला होता मी, उत्तमनं विचारलं तर या महिन्यातच कळलं असं सांग म्हणून. तिनं ऐकून घेतलं अन् फोन ठेवला. सांगेल की नाही सांगेल, तिची मर्जी.

आज तिजेचा दुसरा दिवस आहे. दुपारी आरू डबा घेऊन आली. फ्रॉकच्या खिशातून कागदाची पुडी काढून तिनं माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, "डॉक्टरीण म्हणे, ज्यायच्या ज्यायच्या रक्तात आहे त्यायनं गूळ जवळ ठेवायचा. आजीनं तुमच्यासाठीबी दिला. उपाशी राहू नका म्हणे."

कमळानं दिला.

पोरगी समोर उभी होती, मी खातो का पाहत. मी पुडी उघडली, खडा तोंडात टाकला. इतक्या वर्षांनी या घरात गूळ आला. गोड होता. मी सगळा खाल्ला.